तीन सेन्सरचं बहुमत

रीब्रीदर लावलेला पाणबुड्या स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा आत घेतो. सोडा-लाइमचा डबा त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि खर्च झालेला ऑक्सिजन संगणक झडप उघडून भरतो. ऑक्सिजनचा आंशिक दाब साधारण १.३ बारवर राखायचा असतो. १.६ च्या वर आकडीचा धोका वाढतो. हा दाब फार खाली गेला तर थेट शुद्धच हरपते. धापही लागत नाही, कारण धाप लावणारा कार्बन डायऑक्साइड आधीच शोषला गेलेला असतो. म्हणून इथे शरीराच्या इशाऱ्यावर विसंबता येत नाही.

पण संगणकाला तरी कसं कळतं? सहसा तीन सेन्सर ऑक्सिजन मोजतात. बऱ्याच यंत्रांत जुळणारे दोन खरे धरून तिसरा बाद केला जातो. मला ही पद्धत एकटी पुरेशी वाटत नाही. एकाच वेळी बसवलेले सेन्सर बरोबरच जुने होतात. त्यातले दोन कमी आकडा दाखवू लागले, तर अचूक तिसराच बाद ठरतो आणि संगणक ऑक्सिजन सोडत राहतो. त्यामुळे जाणकार पाणबुडे सेन्सर वेगवेगळ्या वेळी बदलतात, पाण्याखाली ठाऊक असलेला वायू सोडून आकडे पडताळतात. शंका आलीच, तर सोबतच्या स्वतंत्र सिलिंडरवर श्वास घेत वर यायला सुरुवात करतात.