लढाई नावाचे गाव

लंडनच्या चेअरिंग क्रॉस स्थानकातून आग्नेयेकडे निघालेली आगगाडी सुमारे दीड तासाने ससेक्समधील एका लहानशा स्थानकावर थांबते. फलाटावरील पाटीवर गावाचे नाव लिहिलेले असते, ‘बॅटल’. बॅटल म्हणजे लढाई. आधी गाव होते आणि तेथे लढाई झाली, असा प्रकार नाही. आधी लढाई झाली आणि तिच्यामुळे गाव वसले. त्यापूर्वी ही टेकडी इतकी अनाम होती की, जुन्या इंग्रजी बखरकाराला ती जागा सांगताना ‘जुन्या करड्या सफरचंदाच्या झाडापाशी’ अशी खूण द्यावी लागली.

त्या झाडापाशी १४ ऑक्टोबर १०६६ रोजी, शनिवारी, सकाळी नऊच्या सुमारास सुरू झालेले युद्ध अंधार पडेपर्यंत चालले. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला हेस्टिंग्जची लढाई म्हणतात. पण हेस्टिंग्ज शहर येथून सुमारे दहा किलोमीटर दूर, समुद्रकाठी आहे. ऑक्टोबरमध्ये त्या तारखेच्या आसपासच्या शनिवार-रविवारी या टेकडीच्या उतारावर त्या लढाईचा पुनःप्रयोग होतो. रणभूमीची देखभाल करणारी ‘इंग्लिश हेरिटेज’ ही संस्था तो भरवते. हौशी स्त्री-पुरुष अकराव्या शतकातील वेष धारण करून येतात, राहुट्या ठोकतात, चूल पेटवतात आणि ठरलेल्या वेळी एकमेकांवर तुटून पडतात. २००६ साली हा सोहळा विशेष मोठ्या प्रमाणावर झाला. २०१६ साली, लढाईला ९५० वर्षे झाली तेव्हा, काही हौशी मंडळी हॅरॉल्ड राजाच्या कूचाची आठवण म्हणून थेट यॉर्कहून वाटचाल करीत येथे पोहोचली.

या खटाटोपामागील निष्ठा प्रथमदर्शनी विलक्षण वाटते. दिवसा कचेरीत, शाळेत किंवा दुकानात काम करणारी ही माणसे संध्याकाळी घरी बसून हजारो लोखंडी कड्या एकमेकींत गुंतवून चिलखत विणतात. असे चिलखत अंगावर चढवले की बारा-पंधरा किलोंचा भार खांद्यावर येतो. लोकर मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांनी लाल आणि वोड नावाच्या वनस्पतीच्या पानांनी निळी रंगवलेली असते. ‘द व्हायकिंग्ज’ हे मंडळ १९७१ पासून आणि ‘रेजिया अँग्लोरम’ हे १९८६ पासून असा अभ्यास करीत आहे. त्यांच्या सभासदांना पट्ट्याचे बक्कल दुसऱ्या शतकातले निघाले तरी चैन पडत नाही.

छावणीत व्यापारी कुटुंबाचे पाय जेथे हटकून थबकतील, अशी एक जागा म्हणजे टांकसाळ. एक कारागीर लाकडी ओंडक्यात खालचा ठसा रोवून बसलेला असतो. तो त्यावर धातूची पातळ चकती ठेवतो, वर दुसरा ठसा धरतो आणि हातोड्याचा एकच घाव घालतो की नाणे तयार. त्या काळी इंग्लंडमध्ये चांदीची पेनी हेच मुख्य चलन होते. अशा २४० पेनींचा एक पौंड होई. नाण्याच्या मागील बाजूस ते पाडणाऱ्या माणसाचे आणि गावाचे नाव कोरलेले असे. हेस्टिंग्ज येथेही टांकसाळ होती. खोटे नाणे पाडणाऱ्याचा हात तोडावा, असा कायदा त्यापूर्वीच्या शतकात अॅथेलस्टन राजाने केला होता. नाण्याची शुद्धता ही नाव घालून दिलेली हमी होती.

हॅरॉल्ड राजा जेमतेम नऊ महिने गादीवर होता. ६ जानेवारी १०६६ रोजी त्याचा राज्याभिषेक झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो या टेकडीवर पडला. त्या नऊ महिन्यांत त्याने पाडलेल्या पेनीवर एका बाजूला त्याचा मुखवटा आहे आणि दुसऱ्या बाजूला मधोमध तीन अक्षरे आहेत, ‘पॅक्स’. या लॅटिन शब्दाचा अर्थ शांती. त्याला मारून राजा झालेल्या विल्यमनेही पुढे आपल्या एका नाण्यावर हाच शब्द कोरून घेतला. हे नाणे तळहातावर घेऊन लोक उतारावरच्या दोरीपाशी जाऊन उभे राहतात, कारण लढाईची वेळ झालेली असते.

युद्धाची हकिकत थोडक्यात अशी. निपुत्रिक एडवर्ड राजा जानेवारीत वारला. त्याच्या गादीवर इंग्लंडचा बलाढ्य सरदार हॅरॉल्ड, नॉर्वेचा राजा हाराल्ड आणि नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम या तिघांचा डोळा होता. २५ सप्टेंबरला हॅरॉल्डने उत्तरेत स्टॅमफर्ड ब्रिज येथे नॉर्वेच्या राजाला ठार केले. त्याच लढाईत शत्रूला मिळालेला त्याचा सख्खा भाऊ टॉस्टिगही मारला गेला. तीनच दिवसांनी विल्यम दक्षिण किनाऱ्यावर पेव्हन्सी येथे उतरला. हॅरॉल्ड थकलेले सैन्य घेऊन शेकडो किलोमीटर खाली धावला आणि या टेकडीच्या माथ्यावर ढालींची भिंत उभी करून थांबला. प्रत्येक बाजूला पाच ते सात हजार माणसे असावीत, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

पुनःप्रयोगात त्यांच्या जागी काही शे माणसे असतात. तरीही ढालीवर ढाल चढून तिचा जो आवाज होतो, तो पोटात जाणवतो. वर इंग्रज ‘बाहेर, बाहेर’ असे ओरडत ढालींवर शस्त्रे आपटतात. खालून नॉर्मन तिरंदाज बाण सोडतात. बाणांच्या टोकांना रबराचे बोंडके असते. मग पायदळ चढते, मग थोडे घोडेस्वार. ध्वनिवर्धकावरून निवेदक सांगत असतो की, विल्यम मेला अशी आवई उठली तेव्हा त्याने शिरस्त्राण वर करून आपला चेहरा सैन्याला दाखवला आणि नॉर्मन घोडेस्वारांनी पळाल्याचे सोंग करून इंग्रजांना उतारावर ओढून आणले. तलवारींच्या धारा बोथट केलेल्या, टोके गोल केलेली. घाव घालताना हात आखडता घ्यायचा आणि तोंडावर वार करायचा नाही, हे शिकण्यात नव्या सभासदाचे महिनोन्‌महिने जातात. मारण्यापेक्षा न लागू देणे कठीण असते.

अखेर हॅरॉल्ड पडतो. दरवर्षी पडतो. बाण डोळ्यात लागून तो मेला, असे बायोच्या प्रसिद्ध भरतकाम-पटावरून लोकांच्या मनात ठसले आहे; विद्वानांचे त्यावर एकमत नाही. मैदानावर शंभरेक देह निश्चल पडलेले असतात. क्षणभर शांतता पसरते. मग इशारा होतो, मेलेले उठतात, एकमेकांच्या पाठीवर थाप मारतात, प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पुढच्या रांगेतील एखादे लहान मूल मात्र टाळी न वाजवता आईकडे पाहते.

त्या मुलाला जे खटकले, ते बायोच्या पटावर शिवलेले आहे. सुमारे सत्तर मीटर लांबीच्या त्या लिननच्या कापडावर लोकरीच्या धाग्यांनी ही सारी कथा भरलेली आहे. मुख्य चित्रपट्टीत वीर लढत असतात, तर खालच्या किनारीत मेलेल्यांच्या अंगावरून चिलखते ओरबाडून काढली जात असतात. चिलखत महाग, मेलेला माणूस कवडीमोल. हे दृश्य पुनःप्रयोगात नसते. असावे असे म्हणणेही क्रूरपणाचे होईल. पण तो पट शिवणाऱ्यांनी ते वगळले नाही, एवढे खरे.

हॅरॉल्डसोबत त्याचे गर्थ आणि लिओफवाइन हे दोन भाऊही येथे मारले गेले. टॉस्टिग धरला तर एकोणीस दिवसांत एका आईचे चार मुलगे गेले. तिचे नाव गिथा. तिने हॅरॉल्डच्या देहाच्या भारोभार सोने देऊ केले आणि प्रेत मागितले, असे जुने लेखक सांगतात. विल्यमचा धर्मगुरू आणि चरित्रकार, प्वातिएचा विल्यम, याने ड्यूकचे उत्तर नोंदवले आहे. ज्याच्या लोभापायी असंख्य माणसे उघड्यावर पडली, त्याला आईच्या इच्छेप्रमाणे मूठमाती मिळणे उचित नव्हे, असा त्याचा आशय. हे उत्तर देणारा स्वतः राज्याच्या लोभाने समुद्र ओलांडून आला होता, याकडे चरित्रकाराचे लक्ष गेलेले दिसत नाही.

गर्दी पांगून खाद्यपदार्थांच्या दुकानांकडे वळते, तेव्हा टेकडीच्या माथ्यावरील मठाच्या अवशेषांत पाऊल टाकावे. (इंग्रजी जत्रांत अख्खे डुक्कर भाजण्याची प्रथा सर्रास आढळते, शाकाहारी कुटुंबाने घरचा डबा नेणे उत्तम.) लढाईपेक्षा मोलाची गोष्ट येथे आहे.

हे युद्ध विल्यमने पोपच्या पाठिंब्याने लढले, असे त्याचाच चरित्रकार सांगतो. तरीही काही वर्षांतच, १०७० च्या सुमारास, पोपचा प्रतिनिधी एर्मेनफ्रीड याच्या अधिकाराखाली नॉर्मन धर्माध्यक्षांनी जिंकलेल्या सैन्यासाठी प्रायश्चित्ताची यादी काढली. पराभूतांसाठी नव्हे, विजेत्यांसाठी. एखाद्या खतावणीसारखी ती कलमवार आहे. या मोठ्या लढाईत आपण माणूस मारला हे ज्याला ठाऊक आहे, त्याने प्रत्येक माणसामागे एक वर्ष प्रायश्चित्त करावे. ज्याने वार केला पण समोरचा मेला की वाचला हे ठाऊक नाही, त्याने प्रत्येकी चाळीस दिवस. किती जणांना मारले याची गणतीच ज्याला नाही, त्याने उरलेल्या आयुष्यात आठवड्यातून एक दिवस. तिरंदाजांची अडचण वेगळी होती. त्यांचा बाण कोठे गेला हे त्यांना कळणारच कसे? त्यांना ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळासारखे तीन उपवासकाळ सांगितले गेले. लढाईनंतर अन्न शोधताना विरोध करणाऱ्याला मारले असेल तर एक वर्ष. लुटीसाठी मारले असेल तर तीन वर्षे. केवळ मोबदल्याच्या आशेने जो लढला, त्याचे कृत्य सरळ मनुष्यवध.

आणि एक कलम असे आहे की, ते वाचताना जैन वाचक थांबेल. ज्याने कोणावरही वार केला नाही, पण वार करण्याची इच्छा केली, त्याला तीन दिवसांचे प्रायश्चित्त. हातून न घडलेली, मनात मात्र योजलेली हिंसाही हिशेबात धरली गेली. भावहिंसेचा विचार ज्या परंपरेत बालपणापासून कानी पडतो, तिला या तीन दिवसांचे नवल वाटणार नाही. नवल वाटेल ते अकराव्या शतकातील विजयी सैन्याच्या धर्मगुरूंनी ते मांडावे याचे.

ही यादी निर्दोष मात्र नव्हती. गणती नसलेल्या योद्ध्याला दुसरा मार्ग ठेवला होता. आठवड्याचा एक दिवस नको असेल तर त्याने देवालय बांधावे किंवा त्याला कायमचे दान लावून द्यावे. म्हणजे तिरंदाजाने उपवास करायचे आणि धनवंताने बांधकाम. दानाने पाप धुतले जाते की नाही, हा वाद कोणत्याही व्यापारी समाजाला परका नाही. विल्यमने दुसरा मार्ग धरला. हॅरॉल्ड जेथे पडला, बरोबर तेथेच मठाची मुख्य वेदी असावी असा त्याचा आग्रह होता, असे मठाच्या बाराव्या शतकातील बखरीत म्हटले आहे. भिक्षूंनी उताराची आणि निर्जळ जागा पाहून पलीकडे काम सुरू केले, तेव्हा तो संतापला. पाणी कमी असेल तर इतर मोठ्या मठांत पाणी असते त्याहून अधिक मद्य येथे पुरवीन, असे तो म्हणाला म्हणे. प्रायश्चित्ताच्या वास्तूसाठी हे आश्वासन चमत्कारिकच. माथा खणून सपाट करण्यात आला. १०८७ मध्ये विल्यम वारला. त्याच्या मुलाच्या काळात, १०९४ मध्ये, देवालयाची प्रतिष्ठापना झाली.

पुढे १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत मठ बंद झाला आणि देवालय पाडले गेले. ज्याचे प्रायश्चित्त म्हणून ते उभे राहिले, त्या लढाईचे अवशेषही या भूमीत जवळजवळ सापडलेले नाहीत. उरला आहे तो वेदीच्या जागी जमिनीत बसवलेला एक दगड. कोणी कोणी त्यावर फुले ठेवतात. हॅरॉल्डचा देह खरोखर कोठे पुरला, यावर मतभेद आहेत. एडिथ नावाच्या त्याच्या प्रेयसीने छिन्नविच्छिन्न देहांतून तो ओळखला आणि वॉल्थमच्या देवालयात त्याचे दफन झाले, असे तेथील परंपरा सांगते.

दुपार कलते. तो दगड पाहून मुले पुन्हा उताराकडे धावतात. एकाच्या मुठीत अजून ते ‘पॅक्स’चे नाणे असते. खाली छावणीत हॅरॉल्ड झालेला गृहस्थ झाडाच्या बुंध्याला टेकून पाणी पीत बसलेला असतो. त्याच्या शेजारी एक बाई ओळीने मांडलेल्या तलवारींवरून एकेक करून अंगठा फिरवते. ढालींवर आपटून पात्याला कोठे बारीक कपची उठली असेल तर ती कानशीने घासून पुन्हा गुळगुळीत करते. उद्या रविवार आहे आणि तेच लोक तीच लढाई पुन्हा लढणार आहेत.