पक्का ब्रिटिश म्हणजे नक्की कोण?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लिखित अवतार.

डोळे मिटा आणि एक टिपिकल ब्रिटिश माणूस समोर आणा. सूट, छत्री, हातात चहाचा कप. रांगेत शांत उभा. विषय काय, तर हवामान. आणि तुम्ही त्याच्या पायावर पाय दिलात तरी 'सॉरी' तोच म्हणणार! जेम्स बाँड आणि मिस्टर बीन यांच्या मधे कुठेतरी हा माणूस आपल्या डोक्यात राहतो. आज त्यालाच जरा उघडून बघू.

आधी नावाचा घोळ

मराठीत आपण सरसकट 'इंग्रज' म्हणतो. पण इंग्रज म्हणजे फक्त इंग्लंडचा. स्कॉटलंड आणि वेल्सचे लोकही ब्रिटिश, पण त्यांना इंग्रज म्हणून बघा, लगेच दुरुस्त करतील. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आपल्यासाठी 'इंग्रज साहेब', पण होता स्कॉटिश. ऑलिंपिकमध्ये ग्रेट ब्रिटनचा एकच संघ उतरतो, फुटबॉलच्या वर्ल्ड कपसाठी मात्र इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंड असे चार वेगळे. म्हणजे 'ब्रिटिश' ही मुळात चार ओळखींवरची एक पातळ चादर आहे.

कमी बोलण्याची भाषा

काही स्टिरिओटाइप मात्र अगदीच हवेतले नाहीत. उदाहरणार्थ, सगळं सौम्य करून सांगणं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि आमचे काही सहकारी इंग्लंडमधून कोड बघतात. तिथून 'नॉट बॅड' आलं की आमच्याकडे चहा होतो, कारण ती खरी शाबासकी असते. 'इंटरेस्टिंग' आलं की सगळे गुपचूप लॅपटॉप उघडतात. 'क्वाइट गुड' म्हणजे अमेरिकन माणसासाठी 'मस्त', पण ब्रिटिश माणसाच्या तोंडी बरेचदा फक्त 'ठीक आहे'.

ऑफिसमध्ये हे गमतीचं वाटतं. युद्धात नाही. एप्रिल १९५१, कोरिया, इमजिन नदी. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची एक बटालियन चिनी सैन्याने घेरली होती. ब्रिटिश ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी अमेरिकन जनरलला कळवलं की परिस्थिती 'जरा चिकट' झाली आहे. ब्रिटिश कानांना याचा अर्थ होता, संकट आहे, मदत पाठवा. अमेरिकन जनरलला वाटलं, थोडी अडचण आहे पण चाललंय. ही हकिकत आजही सांगितली जाते. त्या बटालियनचे बहुतेक सैनिक शेवटी युद्धकैदी झाले. पराभवाला इतरही कारणं होती, पण शब्दांचा अर्थ ऐकणाऱ्याच्या सवयीवर किती अवलंबून असतो, ते इथे दिसतं.

चित्र बनतं कसं?

'कीप काम अँड कॅरी ऑन' लिहिलेला मग किंवा टी-शर्ट तुम्ही नक्की पाहिला असेल. वाटतं, बॉम्ब पडत असताना लंडनकर हेच पोस्टर बघून धीर धरत होते. प्रत्यक्षात १९३९ मध्ये त्याच्या सुमारे २५ लाख प्रती छापल्या गेल्या, पण त्या जवळजवळ लावल्याच नाहीत. २००० साली अॅल्निक गावातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत सापडली आणि मग ते जगभर पसरलं. म्हणजे युद्धकाळातला धीर खरा होता, पण त्याचं हे ब्रँडिंग आपल्या काळातलं.

चहाचंही तेच. पान आधी चीनचं, नंतर आसामचं. साखर कॅरिबियन बेटांवर गुलामांनी पिकवलेली. फिश अँड चिप्समधला तळलेला मासा स्पेन-पोर्तुगालकडून आलेल्या ज्यू लोकांनी नेला असं मानतात. सगळ्यात 'ब्रिटिश' गोष्टी अशा बाहेरून आलेल्या!

मग ठरवतं कोण?

इथे गंमत संपते. १८८८ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी जाहीर सभेत म्हणाले की ब्रिटिश मतदार एका 'काळ्या माणसाला' निवडून देतील असं त्यांना वाटत नाही. रोख होता दादाभाई नवरोजींवर, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेल्या आपल्या दादाभाईंवर. चारच वर्षांनी, १८९२ मध्ये, लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीने त्यांना मोजक्या मतांनी का होईना, पण खासदार केलं. पंतप्रधानांच्या डोक्यातला ब्रिटिश माणूस एक, मतदारांनी निवडला दुसराच.

आज नागरिकत्व हवं असेल तर बहुतेकांना 'लाइफ इन द यूके' परीक्षा द्यावी लागते. २४ प्रश्न, ४५ मिनिटं, किमान १८ बरोबर. इतिहास, कायदे, परंपरा, सगळं. जन्माने ब्रिटिश असलेल्याला मात्र ही परीक्षा कधीच नाही. आणि पास झालेल्यालाही पार्टीत कुणीतरी विचारतंच, "तू मूळचा कुठला?" कागद मिळतो, पण लोकांच्या डोक्यातलं चित्र त्या कागदाने बदलत नाही.

म्हणून माझा साधा हिशोब असा: स्टिरिओटाइप हा एक अंदाज आहे. समोरच्याचं 'इंटरेस्टिंग' समजून घ्यायला तो वापरा, बिनधास्त. पण तो कोण आहे, कुठे शोभतो, हे ठरवायला वापरू नका. 'मराठी माणूस धंद्यात कच्चा' हे ऐकून आपल्याला कसं होतं, आठवतंय ना?

तुम्ही ऐकलेला सगळ्यात भन्नाट स्टिरिओटाइप कुठला? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये लावू. तोवर, 'नॉट बॅड' राहा!