पुस्तकातला ‘मी’ पडद्यावर कुठे जातो?

आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती. ‘श्यामची आई’ तिला माझ्या थोरल्या बहिणीने वाचून दाखवलं होतं, रोज रात्री एक प्रकरण, पुस्तकातल्यासारखंच. पुढे एका शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर आचार्य अत्र्यांनी त्यावरून केलेला चित्रपट लागला. आजी पहिल्यापासून शेवटपर्यंत पदर डोळ्यांना लावून बसली होती. संपल्यावर उठता उठता म्हणाली, “फार चांगलं होतं गं, पण सांगणारा कुठं गेला?”

कादंबरीवरून चित्रपट निघाला की आपल्याकडे एकच चर्चा रंगते: पुस्तकातलं काय गाळलं, काय घुसडलं, शेवट का बदलला. मीही ती हिरिरीने केली आहे. पण दोन-अडीच तासांत तीनशे पानं बसायची नाहीत, हे एकदा मान्य केलं की त्या हिशेबात फारसं काही उरत नाही. आजीचा प्रश्न मात्र उरतो. मराठीतली किती तरी चांगली पुस्तकं कुणी तरी ‘मी’ म्हणून सांगितलेली आहेत. कॅमेऱ्याला ‘मी’ म्हणता येत नाही, तो सगळ्यांकडेच बाहेरून बघतो. मग त्या ‘मी’चं दिग्दर्शक काय करतो?

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना ४२ रात्री आईच्या आठवणी सांगतो. पोहायला जायचं टाळून माळ्यावर लपलेल्या श्यामला आई शिंपटीने मारत बाहेर काढते, तो प्रसंग बघा. पुस्तकात तो वाचताना आपल्याला आईचा राग येत नाही, कारण त्या माराबद्दल ऋणी असलेला प्रौढ श्यामच तो सांगत असतो. शिंपटीच्या प्रत्येक फटक्याला त्याच्या कृतज्ञतेचं अस्तर आहे. पडद्यावर ते अस्तर निघून जातं. उरतात पोरगा, शिंपटी, विहीर आणि आई झालेल्या वनमालाबाईंचा चेहरा. सांगणाऱ्याचं सगळं काम त्या चेहऱ्याला करावं लागलं आणि त्याने ते केलं, म्हणून १९५३चा तो चित्रपट इतका टिकला. १९५४ साली राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं, ही मराठीला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. तरी पुस्तकातली आई आठवणीतली आहे आणि चित्रपटातली समोर उभी आहे. मला हा फरक फार मोठा वाटतो. आठवणीतल्या आईचे दोष कधीच माफ झालेले असतात, समोरच्या आईला दर वेळी नव्याने आपल्याला जिंकावं लागतं.

सत्तर वर्षांनी, २०२३ साली, सुजय डहाके यांनी तीच कथा पुन्हा केली, तीही कृष्णधवल. त्यात ओम भूतकर साने गुरुजी म्हणून येतो, म्हणजे सांगणाऱ्यालाच चेहरा मिळतो. आजी असती तर तिला हाताला धरून घेऊन गेले असते.

डहाके यांनी त्याआधी मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ पडद्यावर आणली होती. आणीबाणीचे दिवस, नववीतला मुकुंद जोशी आणि त्याची शिरोडकर. कादंबरीत शिरोडकर आपल्याला जोशीच्या नजरेतूनच दिसते. तिच्या मनात काय आहे हे त्याला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला कळतं, आणि त्याला फारसं कळत नाही. ती हसली का, वळून बघितलं का, यावर पानंच्या पानं तो एकटाच झुरतो. पडद्यावर केतकी माटेगावकर नुसती उभी राहते आणि शिरोडकरला स्वतःचे डोळे मिळतात. आता ती जोशीने कल्पिलेली मुलगी राहत नाही, त्याच वयाची, तितकीच धास्तावलेली पोर होते. कादंबरीतली जोशीची मनातली अखंड बडबड चित्रपटात उणावली याची चुटपुट मला लागली. पण शिरोडकरबाबत मी चित्रपटाच्या बाजूने आहे. पुस्तकाला तिला जे देता आलं नाही, ते इथे तिला आपसूक मिळालं.

याच्या उलट घडलं ते ‘भूमिका’मध्ये. अभिनेत्री हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन १९७० साली पुस्तकरूपाने आलं. त्यांनी ते अरुण साधूंना सांगितलं होतं आणि आधी ‘माणूस’ साप्ताहिकात ते छापून आलं होतं. हे पुस्तक म्हणजे एक आवाजच आहे. दारू, पुरुष, तमाशापट, कंपनीतले दिवस, फसवणूक, सगळं ती बाई अंगावरची धूळ झटकावी तसं सांगत जाते, कुणाची दया मागत नाही. १९७७ साली श्याम बेनेगलांनी त्यावरून हिंदी चित्रपट केला तेव्हा हंसाबाई हयात नव्हत्या. नायिकेचं नाव उषा झालं आणि स्मिता पाटीलने ती अशी केली की राष्ट्रीय पुरस्कार मिळणं ओघानेच आलं. चित्रपट थोर आहे, त्याबद्दल वादच नाही. पण हंसाबाई ‘मी’ म्हणून जे ठणकावून सांगतात, ते उषा मुक्याने सोसते. पुस्तकातल्या बाईने आपल्या आयुष्याचा ताबा निदान सांगण्यापुरता तरी स्वतःकडे ठेवला होता. चित्रपटात तो दिग्दर्शकाकडे गेला. शेवटी हॉटेलच्या खोलीत एकटी बसलेली उषा बघताना दर वेळी वाटतं, हिने आता बोलायला लागावं.

तेच अरुण साधू ‘सिंहासन’चे कादंबरीकार. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या त्यांच्या दोन कादंबऱ्या एकत्र करून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि १९७९ साली जब्बार पटेलांनी चित्रपट केला. या पसाऱ्यात मुख्यमंत्री आहे, त्याच्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेला अर्थमंत्री आहे, कामगार पुढारी आहे, तस्कर आहेत, झोपडपट्टी आहे. एवढं सगळं पडद्यावर एकत्र बांधून ठेवतो तो निळू फुल्यांचा दिगू टिपणीस. हा वार्ताहर सगळीकडे जातो, सगळं ऐकतो आणि बहुतेक वेळ गप्प असतो. मराठी पडद्यावर ‘बघणारा माणूस’ इतक्या ताकदीने मी दुसरा पाहिला नाही. साधू स्वतः पत्रकार होते, त्यामुळे दिगूच्या खांद्यावरून लेखकच बघतो आहे असं वाटत राहतं. शेवटी हे सगळं बघून बघून तो वेड लागल्यासारखा हसत सुटतो, तेव्हा त्याला जे असह्य झालं ते आपणही त्याच्याबरोबर बघितलेलं असतं.

‘जैत रे जैत’मध्ये जब्बार पटेलांनीच निराळी वाट काढली होती. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीतलं निवेदन त्यांनी गाण्यांकडे सोपवलं. ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत घेऊन सगळा ठाकरपाडाच नाग्याची गोष्ट सांगतो. ‘नटरंग’मध्ये सांगण्याचं काम अतुल कुलकर्णीच्या शरीराने केलं: पहिलवानी अंग उतरत जातं आणि त्यातून तमाशातला नाच्या उभा राहतो. आनंद यादवांनी मूळ कादंबरीत शब्दांनी जे सोलून दाखवलं, ते इथे नुसतं डोळ्यांनी कळतं.

आणि ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी १९५५ची, अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५चा. चाळीस वर्षांनी पटकथा लिहायला बसले तेही माडगूळकरच. धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला आलेला तरुण मास्तर ही गोष्ट सांगतो, पण स्वतःबद्दल जवळजवळ काहीच बोलत नाही. तो बोलतो कारभाऱ्याबद्दल, आनंदा रामोशाबद्दल, वाडीने राबून उभ्या केलेल्या तालमीबद्दल, मग पाऊस न आल्याने तडफडणाऱ्या मेंढरांबद्दल. वाक्यं इतकी साधी की ती कुणी लिहिली आहेत हे विसरायला होतं. असा माणूस पडद्यावर आणणं महाकठीण. तो फ्रेमच्या मधोमध उभा राहिला की नायक होतो, आणि मास्तर नायक नाही. पालेकरांनी घाई केली नाही. माळरान, मेंढरं, आभाळ यांना त्यांनी वेळ दिला आणि मास्तरला त्यांच्यातलाच एक ठेवलं. काही जणांना चित्रपट संथ वाटला. मला त्याची चाल मेंढरांच्या कळपासारखी वाटली, मागचं शेवटचं कोकरू येईपर्यंत थांबणारी.

यंदा पावसाळ्यात मी ‘बनगरवाडी’ पुन्हा वाचली. कारभारी आला की आता चंद्रकांत मांढरेच दिसतात, त्यांचा तो थकलेला, रुबाबदार चेहरा पानावरून हलायला तयार नाही. वाडी म्हटलं की पालेकरांचीच वाडी दिसते. मास्तरचा चेहरा मात्र, चित्रपट दोनदा पाहूनही, डोळ्यांपुढे येत नाही. अंधारातच घर सोडून तो माळावरून चालायला लागतो, आणि पायांखालची वाट मला माझ्याच पायांना लागते.