बर्गर घरचा, हॉट डॉग गाडीवरचा

घरचं ते उत्तम, हा नियम बर्गरला लागू पडतो, हॉट डॉगला नाही. बर्गरची सगळी मदार खिम्याचा ताजेपणा आणि त्यातली चरबी यांवर असते. अमेरिकेत हौशी मंडळी साधारण 20 टक्के चरबीचा खिमा घेतात, तो फार मळत नाहीत आणि मीठ टिक्की तव्यावर टाकतानाच वरून भुरभुरतात. आधी कालवलं तर प्रथिनं एकमेकांना चिकटून टिक्की चिवट होते. 1948 साली मॅकडोनाल्ड बंधूंनी कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोत बर्गरची झटपट पद्धत बसवली ती वेगासाठी आणि स्वस्ताईसाठी. असे लाड अशा झटपट दुकानांत परवडत नाहीत.

घरचं निदान निर्धोक तरी, असं कोणी म्हणेल. तेही आपोआप होत नाही. खिमा करताना मांसावरचे जंतू आतपर्यंत मिसळतात, म्हणून टिक्की आतून 71 अंश सेल्सिअसपर्यंत तापायलाच हवी. हॉट डॉगचं गणित मात्र उलटं. त्याचं मांस बर्फ घालून गंधासारखं वाटायचं, आवरणात भरायचं, धुरी द्यायची. हे काम यंत्रांनाच साधतं. घरी आपण फार तर पाकीट फोडून गरम करतो. त्याला घरगुती म्हणण्यापेक्षा न्यूयॉर्कच्या गाडीवरचा, मोहरीची चटणी आणि आंबवलेला कोबी घातलेला, केव्हाही बरा.