शेजाऱ्याच्या आवारात पाय ठेवण्याआधी



एप्रिल-मे महिने आले की वाडीवस्तीवर काम करताना एक प्रश्न हमखास कानावर येतो : "मागच्या भिंतीचं काम काढलंय, पण परांची बांधायला शेजारी आवारात येऊ देत नाही. आम्हाला हक्क आहे का नाही?"

तुंगार्लीत हा प्रश्न किरकोळ नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कातकरी किंवा ठाकर कुटुंबाच्या घराची मागची भिंत पुष्कळदा थेट हद्दीला टेकलेली असते. पलीकडे बंगल्याचे कंपाउंड, मालक मुंबईला आणि फाटकावर वॉचमन. मृगाच्या आत भिंतीला गिलावा झाला नाही, तर चार महिने घरात ओल झिरपत राहते. घरकुल मंजूर झालेल्यांची अडचण आणखी वेगळी. त्यांना पैसे कामाच्या टप्प्यांनुसार मिळतात. भिंत अडली की पुढचा हप्ताही अडतो. म्हणून या विषयातला कायदा सोप्या शब्दांत मांडतो.

मूळ नियम

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९२ साली यासाठी स्वतंत्र कायदा झाला. घराच्या डागडुजीसाठी शेजाऱ्याच्या जमिनीवर जाणे आवश्यक असेल आणि तो नकार देत असेल, तर तिथे न्यायालयाकडून आदेश मिळवता येतो. जर्मनीतील अनेक राज्यांत या हक्काला 'हातोडा आणि शिडीचा हक्क' अशा अर्थाचे नावच आहे. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. "एकच दिवसाचं काम आहे" किंवा "आमचं घर पडेल" एवढ्या कारणावर शेजाऱ्याच्या जागेत शिरण्याचा सरसकट हक्क मिळत नाही. नवे घर बांधताना तर मुळीच नाही. म्हणून पाया आखतानाच हद्दीपासून माणूस उभा राहून काम करू शकेल एवढी जागा सोडावी. हद्दीबद्दल शंका असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून आधी मोजणी करून घ्यावी.

मग वाट कोणती?

पहिली वाट परवानगीची. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मध्ये अशा परवानगीचा विचार केला आहे. ती तोंडीही चालते, पण सहसा केव्हाही काढून घेता येते. जमीन विकली गेली, तर नवा मालक तिला बांधील नसतो. शिवाय परवानगी मालकाची हवी. वॉचमनने "या, काय होतंय" म्हटले, तरी उद्या मालकाने हरकत घेतली की काम थांबते आणि त्या बिचाऱ्याची नोकरीही जाऊ शकते.

दुसरी वाट सुविधाधिकाराची, म्हणजे जुन्या वहिवाटीची. एखादी पायवाट, सांडपाण्याची मोरी किंवा पाण्याचा पाइप शेजाऱ्याच्या जागेतून २० वर्षे उघडपणे, शांततेने, खंड न पडता आणि हक्क म्हणून वापरात असेल, तर कलम १५ प्रमाणे तो हक्क पक्का होऊ शकतो. सरकारी जमिनीबाबत ही मुदत ३० वर्षे आहे. शेजाऱ्याच्या मेहेरबानीने केलेला वापर यात धरला जात नाही. आणि कोणी वाट अडवली, तर गप्प बसून चालत नाही. दावा दाखल होण्यापूर्वीच्या दोन वर्षांच्या आत ही मुदत संपलेली असावी लागते. म्हणून दोन वर्षे उलटू देऊ नयेत.

असा हक्क असला, की कलम २४ मदतीला येते. पाइप फुटला तर शेजाऱ्याच्या जागेत जाऊन, खणून तो दुरुस्त करता येतो. वाटेवर झाड पडले तर ते हटवता येते. मात्र शेजाऱ्याला कमीत कमी त्रास होईल अशा वेळी आणि अशा रीतीने काम करावे लागते, आणि जमिनीचे काही बिघडले तर शक्य तितके पूर्ववत करून द्यावे लागते. साध्या भिंतीच्या गिलाव्याला हे कलम आपोआप लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

"तहसीलदाराकडे अर्ज कर" असा सल्ला अनेकदा दिला जातो. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार शेताच्या बांधावरून जाण्यायेण्याच्या रस्त्याचा निर्णय देतात. परांचीसाठी ते कलम नाही. चुकीच्या दारात हेलपाटे घालण्यात पावसाळा तोंडावर येतो.

घराखालची जागाच कुटुंबाच्या नावावर नसेल, तर शेजाऱ्याशी वाद घालण्याआधी तो प्रश्न हाती घ्यावा लागतो. जागेचा आधार नसताना वहिवाटीचा दावा लंगडा पडतो.

उलट बाजूही पाहा

पुष्कळदा बंगल्याचे काम निघते आणि आदिवासी कुटुंबाच्या जागेत वाळू, खडी, सळया येऊन पडतात. चार दिवसांचे चार महिने होतात. जो नियम गरिबाला लागू आहे, तोच बंगलेवाल्यालाही आहे : परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही.

यात मोठा धोका अंगठ्याचा आहे. "फक्त सामान ठेवायला" म्हणून पुढे केलेल्या स्टॅम्पपेपरवर काय लिहिले आहे, हे वाचून घेतल्याशिवाय कोणीही सही किंवा अंगठा देऊ नये. महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बिगर आदिवासीला विकता येत नाही, भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. दमदाटी करून जागेच्या वापरात अडथळा आणला, तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ लागू होऊ शकतो.

पत्रात काय असावे

आम्ही कुटुंबांना एक पानी पत्र करायला सांगतो. त्यात काम कोणते, किती दिवसांचे, सकाळी किती ते संध्याकाळी किती वाजेपर्यंत, माणसे किती, हे लिहावे. राडारोडा रोज उचलू, कुंडी फुटली तर भरून देऊ, हेही लिहावे. शेवटी एक वाक्य अवश्य हवे : या परवानगीने जागेवर कोणताही हक्क निर्माण होत नाही. दोघांच्या सह्या, तारीख आणि कामाआधीचे व नंतरचे फोटो ठेवावेत. असे पत्र दोन्ही बाजूंची भीती कमी करते. मालकाला अतिक्रमणाची भीती असते, गरिबाला आळ येण्याची.

तरीही नकार आला, तर जबरदस्तीने आत जाऊ नये. आदिवासी व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. वडगाव मावळच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. अनेक वाद तिथे समेटानेच मिटू शकतात.

अनुवादाच्या २४ व्या अध्यायात एक नियम आहे. शेजाऱ्याला उसने दिले असले, तरी गहाण आणायला त्याच्या घरात शिरायचे नाही. बाहेर उभे राहायचे, तो स्वतः आणून देईल. देणेकऱ्याच्या उंबरठ्याचाही मान राखायला शास्त्र शिकवते. हा मान झोपडीला आहे तसाच बंगल्यालाही.

आपल्यापैकी काहींची लोणावळा-खंडाळ्यात घरे आहेत. त्यांना एक विनंती. येत्या मे महिन्यात कंपाउंडला लागून राहणारे कुटुंब परवानगी मागायला आले, तर वॉचमनकरवी निरोप पाठवू नका. फोनवर स्वतः बोला आणि दोन दिवस फाटक उघडा. तुमचे काही जाणार नाही, आणि त्यांच्या मुलांना पावसाळ्यात कोरड्या जागी झोपता येईल.