ह्यांच्यासाठी सेंट घेताना...

पुरुषांच्या सेंटबद्दल बायकांच्या पुरवणीत काय लिहायचं, असं वाटलं ना? पण मैत्रिणींनो, मला सांगा, घरातल्या पुरुषांचा साबण कोण आणतं? दाढीचं क्रीम संपलं, हे कोणाच्या लक्षात येतं? शर्टाची कॉलर कोण घासतं? मग त्या शर्टाला कसला वास यावा, यावर आपलं मत असायलाच हवं. शिवाय पैसे जातात ते घरखर्चातूनच!

आमचं घर तारकर्लीत. पहाटे मासळीचं काम आणि आठ वाजल्यापासून पर्यटकांना होडीतून देवबागच्या संगमावर फिरवून आणायचं, असा इथल्या कितीतरी पुरुषांचा हंगामातला दिवस. आमच्या ह्यांचाही तसाच. मासळीच्या वासाची लाज वाटायचं काही कारण नाही, त्याच वासावर आमची चूल पेटते. पण गेल्या हंगामात होडीतल्या एका पाहुणीनं नाकाला रुमाल लावला आणि हे दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. पाहुण्यांना लाईफ जॅकेट बांधायचं काम मुलाकडे दिलं आणि आपण मागे इंजिनापाशी बसू लागले. मला ते फार लागलं. म्हटलं, खिशाला परवडेल आणि रोज लावता येईल असं काहीतरी शोधूया. त्यावर उत्तर काय? "माका नको तां. मी काय लग्नाक जातंय?"

तरी मी मालवणच्या बाजारात गेलेच. दुकानात डिओ, बॉडी स्प्रे, कोलोन, परफ्यूम, अत्तर अशी रांगच असते. यातला फरक आधी समजून घेतला तर पैसे वाचतात. घामाला स्वतःचा वास फारसा नसतो. कातडीवरचे जंतू तो घाम कुजवतात, तेव्हा वास सुटतो. डिओ त्या जंतूंना आवर घालतो, म्हणून त्याची जागा काखेत. कोलोन आणि परफ्यूम घामावर इलाज करत नाहीत, ते फक्त सुगंध देतात. त्यांच्यातला फरक अर्काच्या प्रमाणाचा. कोलोनमध्ये सुगंधी अर्क साधारण २ ते ५ टक्के, बाकी बहुतेक अल्कोहोल आणि पाणी. ‘ईडीटी’ लिहिलेल्या बाटलीत ५ ते १५ टक्के, ‘ईडीपी’मध्ये त्याहून जास्त. अर्क जितका जास्त तितका वास टिकाऊ, आणि किंमतही चढी.

कोलोन हे नाव जर्मनीतल्या कोलोन शहरावरून आलं. तिथे १७०९ मध्ये योहान मारिया फारिना या मूळच्या इटालियन माणसानं लिंबू-संत्र्याच्या जातीच्या फळांचा हा हलका सुगंध विकायला सुरुवात केली. आपल्याकडे ताप चढला की कपाळावर ‘यू-डी-कोलन’च्या पट्ट्या ठेवत, ते हेच! अल्कोहोल उडून जाताना कपाळ गार पडायचं. आणखी एक गंमत सांगते. शिडाच्या जहाजाचं चित्र असलेलं ‘ओल्ड स्पाईस’ आपण पक्कं पुरुषांचं समजतो. पण १९३७ मध्ये त्या नावाचा पहिला सुगंध आला तो बायकांसाठी. पुरुषांसाठीचा निघाला १९३८ मध्ये! तेव्हा बाटली बायकांची की पुरुषांची, याचा फार बाऊ करू नका.

मी निवडलं ते लिंबाच्या वासाचं साधं कोलोन, १०० मिलीची बाटली, तीनशे रुपयांच्या आत. दुकानात मनगटावर एक फवारा घेतला आणि भाजी घेऊन अर्ध्या तासानं परत आले. लावल्याबरोबर येतो तो अल्कोहोलचा आणि वरवरचा वास, तो लगेच उडतो. नंतर उरतो तोच खरा. आमच्या खाऱ्या, दमट हवेत तर वीस माणसांच्या गर्दीत अर्धा तास उभं राहूनच परीक्षा घ्यावी!

घरी आल्यावर तीन दिवस ह्यांच्यावर प्रयोग केला. पण सेंटच्या आधी हात धुण्याची पद्धत बदलली. मासळीचा उग्र वास आंबट पदार्थानं मरतो, म्हणून तर आपण बांगड्याला सोलं लावतो. तेच पाणी हातांना का नको? सोलांचं पाणी किंवा लिंबू हातांना चोळायचं आणि मग साबण. निम्मं काम तिथेच झालं. मासळीच्या वासावर नुसता सेंट मारला, तर दोन वासांची खिचडी होते, ती मूळ वासापेक्षा वाईट.

सकाळी सातला लावलेलं कोलोन मानेवरून नऊपर्यंत उडालं. शर्टाच्या आतल्या बाजूला मारलेलं मात्र जेवणाच्या वेळेपर्यंत मंद येत होतं. सुती शर्टावर बरं वाटलं, टेरिकॉटमध्ये घामाचा वास लवकर वर आला. कोणी म्हणेल, दोन तासांत उडतं ते काय कामाचं? पण होडीवर हाच त्याचा गुण. ज्यांना बोट लागते त्यांना भपकारा आला की आणखी मळमळतं. तिथे हलकाच वास हवा. लग्नाकार्याला मात्र हे पुरणार नाही.

हिशेबही मांडला. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली जातं. रोज तीन फवारे धरले तर बाटली अकरा महिने पुरते. दिवसाला एक रुपयाही पडत नाही! तेव्हा नुसती बाटलीची किंमत बघू नका, रोजचा खर्च काढा. गॅसच्या डब्यात तर काही भाग गॅसचाच असतो.

सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी शेरा दिला, "आता बरो वास येता." त्या आठवड्यात हे परत पुढे येऊन पाहुण्यांची जॅकेटं बांधू लागले. श्रेय सोलांना द्यायचं की कोलोनला, ते आम्ही अजून ठरवलेलं नाही.

तुम्ही घेणार असाल तर एवढं बघा :

- बाटलीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, तारीख आणि छापील किंमत हवी. जत्रेतल्या ‘फॉरेन’ बाटलीवर हे नसेल तर हात लावू नका.
- आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा. खाज किंवा लाली आली तर ते नकोच.
- लिंबाच्या जातीच्या काही अर्कांमुळे उन्हात कातडीवर काळे डाग पडू शकतात. उन्हात काम करणाऱ्यांनी मानेवर न लावता कपड्यावर मारावं. लिंबू चोळलेले हातही नीट धुवावेत.
- दाढी केल्यावर लगेच लावू नये, झोंबतं.
- अल्कोहोल पेट घेतं. गॅसजवळ किंवा देवाच्या दिव्यापाशी फवारा नको. डिओचा डबा उन्हात, होडीत ठेवू नये.
- बाटली अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेवढे दिवस ती आपसूकच पुरवठ्याला येते!