बाकावरचा सोबती आणि बांबू

थोर झालेल्या सहाध्यायाची आठवण सांगताना माणूस बहुधा स्वतःचीच आठवण सांगत असतो. बुडविलेले तास, उधारीचा चहा, आणि अखेरीस 'तेव्हा कुणाला वाटले होते?' हा ठराविक उद्गार. पुण्याच्या बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयातील आपले वर्गमित्र म्हणून शरद पवार हे सायरस पूनावालांचा उल्लेख जाहीरपणे करीत आले आहेत. एक राजकारणात गेला, दुसरा लशींच्या उद्योगात. या मैत्रीचे कौतुक पुष्कळ झाले. पण सांगण्याजोगी गोष्ट निराळीच आहे.

पूनावालांच्या घरी शर्यतीच्या घोड्यांची पैदास होत असे. शर्यतीच्या कामाचे न उरलेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात. घोड्याला विषाची अल्प मात्रा टोचावयाची आणि त्याच्या रक्तातून धनुर्वातावरील, सर्पदंशावरील प्रतिविष काढावयाचे, ही ती विद्या. (सर्पदंशावरील औषधाची महती भामरागडच्या वाचकाला निराळी सांगावयास नको.) घोडा आपला, तर रक्तरसही आपणच का काढू नये, असा विचार या तरुणाने केला आणि १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली.

आमच्या चांद्याकडे घोडे नव्हते, बांबू होता. १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीचा बल्लारपूरचा कागद कारखाना दशकानुदशके त्यावर चालला. त्या काळात इकडची मुले नागपूर विद्यापीठाच्या परीक्षांसाठी ताळेबंद घोकीत होती. परंतु शेजारच्या जंगलातील बांबूचा भाव कोण ठरवितो, असा प्रश्न कधी प्रश्नपत्रिकेत आल्याचे स्मरत नाही.

तो विचारला धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाच्या ग्रामसभेने. २००९ साली तिला सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना देणे वनखात्याच्याच हाती होते. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा कुठे ती परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हाती पडली. पूनावालांचे घोडे मुळातच त्यांचे होते. मेंढ्याला आपला बांबू आपला आहे, हे सिद्ध करण्यातच वर्षे घालवावी लागली. हा फरक लहान नव्हे.

त्याच २०११ साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. मेंढ्याच्या बांबूविक्रीची खातेवही तेथे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला लावावी, अशी मागणी कोणी केलीच, तर तिच्यावर पहिली सही करावयास प्रस्तुत लेखक तयार आहे.